सौर घड्याळ हातात बांधले, पण समजून घेतले काय?



मागील हंगामात खोडव्याच्या नोंदी घेत फिरताना आम्ही एका जुन्या सभासदांच्या घरी चहाला थांबलो. सारा गाव त्यांना नाना म्हणतो, म्हणून आम्हीही नानाच म्हणतो. चहा होईपर्यंत नानांनी आम्हास आतल्या खोलीत नेले, पत्र्याची पेटी उघडली आणि रुमालात गुंडाळलेले एक आकड्यांचे घड्याळ पुढे केले. "सायेब, पोऱ्याने पुण्याहून आणेल होतं. उन्हावर चालतं म्हने. लग्नात घालाचं म्हनून जपून ठेवलं, तं हे घड्याय मरून गेलं." लाईट गेलेली, खोलीत अंधार, आणि काचेवर खरोखरच एकही आकडा नव्हता. आम्ही काही न बोलता घड्याळ ओसरीवर आणले, काच उजेडाकडे केली. दोन-तीन सेकंदांत आकडे उमटले. मोबाईलशी ताडून पाहिले तर जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक. नाना आमच्याकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू आम्ही घड्याळ मंतरूनच दिले!

घड्याळ मेले नव्हते, झोपले होते. सौर घड्याळास अंधारात बराच वेळ ठेवले की ते आपली शिल्लक वाचविण्यासाठी आधी आकडे बंद करते, पुढे काही दिवसांनी गजर आणि दिवाही बंद करते. आत वेळ मोजणे मात्र चालूच असते. नाना हे घड्याळ नातवाला खेळायला देणार होते. आम्ही एक दिवस उशिरा गेलो असतो तर चांगली वस्तू दगडाने फुटली असती.

ही विद्या आम्हासही फुकट मिळालेली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःसाठी असेच एक घड्याळ घेतले. पावसाळाभर ते लांब बाह्यांच्या रेनकोटाखाली, आणि उरलेला वेळ टेबलाच्या खणात. एके दिवशी आकडे जाऊन कोपऱ्यात एक इंग्रजी 'सी' अक्षर लुकलुकू लागले. आम्ही निदान केले की सेल संपला. दुकानात नेले. दुकानदाराने मागचे झाकण उघडून त्याच मापाचा साधा सेल बसवून दिला. घड्याळ चालू झाले, आम्ही खूश. पुढे काही महिन्यांत सेल आतल्या आत गळाला, झाकणाखालचे रबर नीट न बसल्याने पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरली, आणि घड्याळ कायमचे गेले. दुकानदाराचे नाव घेण्याचे कारण नाही. पुस्तिका न उघडता घड्याळ त्याच्या हाती देणारे आम्हीच होतो. त्या 'सी'चा अर्थ 'चार्ज करा', म्हणजे 'मला उजेडात ठेवा', एवढाच होता. या घड्याळातला सेल पुन्हा पुन्हा भरणारा, वेगळ्या जातीचा असतो. त्या जागी साधा सेल घालू नये हे पुस्तिकेत ठळक छापलेले असते. शेतकऱ्यांना "औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचा" असे सांगत गावोगाव फिरणाऱ्या माणसाने स्वतःच्या घड्याळाची चिठ्ठी वाचली नव्हती!

आता यातील रचना थोडक्यात. काचेच्या आत आकड्यांभोवती जी काळपट पट्टी दिसते ती नक्षी नव्हे, तो सौर पट्टा आहे. आपल्यातील पुष्कळ सभासदांनी सौर कृषिपंप बसविले आहेत, त्या पंपाच्या पॅनेलचेच हे भावंड. फरक असा की पंपाच्या पॅनेलला बहुधा साठा नसतो. ढग आला की धार बारीक होते, सूर्य मावळला की पंप थांबतो. घड्याळात मात्र साठवणीची टाकी आहे, ती म्हणजे तो भरणारा सेल. टाकी भरलेली असली की काही महिने उजेड दिसला नाही तरी घड्याळ वेळ सोडत नाही.

टाकी भरायला किती वेळ लागतो? कॅसिओ या जपानी कंपनीच्या पुष्कळ सौर घड्याळांच्या पुस्तिकेत हिशेब दिलेला असतो. एका दिवसाच्या सर्वसाधारण वापराची भरपाई बाहेरच्या लख्ख उन्हात सुमारे ५ मिनिटांत होते. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्यालाच २४ मिनिटे, ढगाळ दिवशी खिडकीशी ४८ मिनिटे, आणि घरातील ट्यूबलाईटखाली तब्बल ८ तास. हा हिशेब नीट पाहिला म्हणजे आमचे घड्याळ का मेले ते कळेल. शेतकरी दिवसभर उन्हात असतो खरा, पण सदऱ्याची बाही मनगटावर असते. बाही वर करा, काम झाले.

जुन्या सभासदांना आठवत असेल, सकाळी उठले की एचएमटीला चावी द्यायची. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरास एचएमटीने घड्याळे बनविण्यास सुरुवात केली, आणि आपल्याकडे लग्नात जावयाच्या हातात एचएमटी हे ठरून गेले. त्याच सिटिझनने १९७६ साली उजेडावर चालणारे काट्यांचे घड्याळ बाजारात आणले. २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला, तरी त्या पिढीची चावी द्यायची सवय चांगली होती. सौर घड्याळाची चावी म्हणजे उजेड.

पण म्हणून वैशाखात ते पत्र्यावर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नये. भुसावळच्या उन्हाबद्दल आम्ही काय सांगावे! अशा उन्हात तापलेल्या लोखंडावर ठेवल्यास आकड्यांची काच काळी पडते, सेलचे आयुष्य घटते. सकाळी नऊच्या आतले ऊन, नाहीतर खिडकीतला उजेड पुष्कळ झाला. काच काळी पडलीच तर सावलीत गार होऊ द्यावी, ती बहुधा पूर्ववत होते.

टाकीत किती शिल्लक आहे तेही पुष्कळ घड्याळे दाखवितात. 'एच' म्हणजे भरपूर, 'एम' म्हणजे मध्यम, 'एल' म्हणजे तळ गाठला. रात्री लहान मुलांच्या हाती घड्याळ दिले आणि त्यांनी दिव्याचे बटण दाबदाबून खेळ केला तर काही घड्याळांत 'आर' अक्षर लुकलुकते आणि दिवा, गजर थोडा वेळ बंद राहतो. हा बिघाड नव्हे. घड्याळाला दम लागला आहे, तो जिरू द्यावा.

येथवरचे झाले घड्याळ जगविण्याबद्दल. आता ते कामास लावण्याबद्दल.

भुसावळ हे रेल्वेचे गाव. येथे ज्याच्या घरात एक तरी माणूस रेल्वेत नाही असे घर शोधावे लागते. रेल्वेचा माणूस रात्रीचे साडेबारा म्हणत नाही, 'शून्य तीस' म्हणतो. आमच्या शेजारी गाडी चालविणारे एक गृहस्थ राहतात. त्यांनी आमच्या नव्या घड्याळातले पहिले बटण दाबले ते बारा तासांचे चोवीस तास करण्याचे. "साहेब, बारा तासांच्या घड्याळाने आमच्याकडे नोकरी जाते," असे ते म्हणाले. आम्ही हसलो. पण पुढच्याच महिन्यात एका सभासदाचा प्रकार कळला. त्या आठवड्यात त्यांच्या वाहिनीला थ्री फेज रात्रीची होती, पाणी देण्याची पाळी रात्री साडेबाराला. त्यांनी गजर १२:३० ला लावला, बाजूस बारीक 'पी' होता त्याकडे लक्ष गेले नाही. 'पी' म्हणजे दुपार. गजर झाला, पण दुसऱ्या दिवशी भर उन्हात जेवायला बसताना! रात्र गेली, पाळी गेली, आणि मे महिन्यातला लागणीचा ऊस पुढच्या पाळीपर्यंत तसाच तापत राहिला. बारा वाजता 'ए' म्हणजे मध्यरात्र आणि 'पी' म्हणजे मध्यान्ह, हे उलटे वाटते म्हणूनच चुकते. घड्याळ चोवीस तासांवर ठेवा, ही भानगडच मिटते. आणि मध्यरात्री तारीख व वार दोन्ही बदलतात हेही ध्यानात असू द्या. 'मंगळवारी रात्री साडेबारा' असे कोणी म्हटले तर मंगळवार उजाडण्याआधीची की नंतरची, ते विचारून घ्यावे. तिकिटाच्या तारखेत या घोटाळ्याने स्टेशनावरून परत आलेली माणसे भुसावळात कमी नाहीत.

आणखी एक मजेचा प्रकार. एका वडीलधाऱ्या सभासदांनी आपले नवे घड्याळ मुद्दाम अर्धा तास मागे केले होते. विचारले तर म्हणाले, "ऊन डोक्यावर येतं तवा बारा वाजायले पाहिजे. हे साडेबारा दाखवते. पुढे पयते." त्यांचे निरीक्षण खरे होते, दुरुस्ती चुकीची होती. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरकडची. आपले भुसावळ त्याच्या पश्चिमेस पावणेसात अंशांच्या आसपास. दर अंशास चार मिनिटे धरली तर सूर्य आपल्या डोक्यावर सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी येतो. तोही वर्षभर सारखा नाही, फेब्रुवारीत १२:४० च्या सुमारास, नोव्हेंबरच्या आरंभी १२:१० च्या सुमारास. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ देशात लागू झाली तेव्हा मुंबईकरांनीही असाच हट्ट धरला होता. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' त्या शहरात पुढे कित्येक वर्षे वापरात होती. तेव्हा आमचे हे आजोबा एकटे नव्हते! परंतु लाईट, रेल्वे आणि कारखान्याचा भोंगा प्रमाणवेळेने चालतात. घड्याळात शहर निवडायची सोय असते, तेथे दिल्लीचे 'डीईएल' ठेवावे. चुकून कराचीचे ठेवल्यास अर्धा तास मागे पडेल. 'डीएसटी' हे अक्षर चालू दिसल्यास ते बंद करावे, नाहीतर घड्याळ तासभर पुढे धावते. परदेशातील नातेवाइकांनी दिलेल्या काही घड्याळांत रेडिओ लहरींवरून आपोआप वेळ लावण्याची सोय असते. त्या लहरींची केंद्रे जपान, चीन, अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी येथे आहेत, आपल्याकडे नाहीत. तेव्हा भुसावळात बसून त्या सोयीची वाट पाहू नये. ही घड्याळे साधारणतः महिन्यास १५ सेकंदांपर्यंत चुकतात. महिन्यातून एकदा मोबाईलशी जुळवून घेतले की पुरे.

गजराच्या शेजारी आणखी दोन सोयी असतात, आणि आमच्या पाहण्यात दहांतील नऊ सभासदांनी त्यांना कधी हात लावलेला नाही. एक उलटी मोजणी, दुसरी सेकंदांचे मोजघड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच. लागणीच्या वेळी आम्ही सांगतो की टिपऱ्या बुरशीनाशकाच्या द्रावणात १० ते १५ मिनिटे आणि नंतर ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात ३० मिनिटे बुडवाव्यात. प्रत्यक्षात काय होते? मजूर एक विडी ओढेपर्यंत टिपऱ्या बुडतात! बेणेप्रक्रियेचा गुण आला नाही अशी तक्रार मात्र आमच्याकडे येते. उलटी मोजणी तिसावर लावा, बटण दाबा, टोपलीजवळ उभे राहा. वाजली की काढा. इतके सोपे काम आहे.

मोजघड्याळाचा उपयोग तर याहून मोठा. दोनशे लिटरचे पिंप मोटारीच्या धारेखाली ठेवा आणि भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ हजार लिटर. उन्हाळ्यात त्याच मोटारीला ५० सेकंद लागू लागले तर विहिरीने किंवा पंपाने काहीतरी सांगितले आहे असे समजावे. ठिबकवाल्यांनी ४ लिटरच्या तोटीखाली औषधाचे माप धरून एक मिनिट मोजावे, ६६-६७ मिलिलिटरच्या आसपास पाणी पडले पाहिजे. ओळीच्या टोकाला ४० च पडत असेल तर तेथील उसाला खतही तेवढेच कमी पोचते. मग टोकाचा ऊस पिवळा का, याचे उत्तर माती परीक्षणात शोधण्याची गरज नाही.

काही तरुण सभासद आम्हास म्हणतात, "साहेब, हे सगळं मोबाईलमध्ये आहे, घड्याळ कशाला?" खरे आहे. ज्याला फक्त किती वाजले एवढेच पाहायचे आहे त्याने सौर घड्याळावर जास्तीचे पैसे घालू नयेत, असेही आम्ही म्हणतो. साध्या सेलचे स्वस्त घड्याळ कित्येक वर्षे बिनबोभाट चालते. परंतु रात्री बारे देताना हात चिखलाने भरलेले, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडे, अशा वेळी मोबाईल खिशातून काढणारे फार नाहीत. पुष्कळांचा तर तेव्हा घरी चार्जिंगला असतो. मनगट मात्र माणसाबरोबर बांधावर येते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली ती. ऊस तुटला की त्याचे वजन घटू लागते आणि साखरही कमी होऊ लागते. तुटल्यापासून शक्यतो २४ तासांत तो गव्हाणीत पडावा असे आपण सारे म्हणतो. उशीर झाला तर वजनातील घट सभासदाच्या पदरात, कारण पैसे काट्यावरच्या वजनाचे. साखरेतील घट सर्वांच्या पदरात, कारण रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला आहे. पण ऊस नेमका केव्हा तुटला? हे कोठेही लिहिलेले नसते. चिठ्ठीवर तारीख असते, काट्यावर वेळ असते, तोडणीची वेळ नसते. म्हणून दर हंगामात तेच भांडण. सभासद म्हणतो, परवा पहाटे तोडला. मुकादम म्हणतो, काल दुपारी. वाहतूकदार म्हणतो, माझी गाडी भरली तेव्हाच आलो. आमचे गट कार्यालय म्हणते, नंबर लागला तेव्हा आत घेतला. चौघांच्याही हातात घड्याळ आहे!

आमचे स्पष्ट मत असे की, तोडणी चिठ्ठीच्या मागील बाजूस दोन वेळा लिहाव्यात, त्या रेल्वेच्या पद्धतीने चोवीस तासांच्या. पहिला कोयता लागला ती, आणि गाडी फडातून हलली ती. सभासदाने स्वतः लिहाव्यात, आमच्या चिटबॉयने सही करावी. काट्यावरची वेळ छापून येतेच. तीन आकडे समोरासमोर आले की उशीर फडात झाला, रस्त्यात झाला की कारखान्याच्या आवारात झाला, हे आपोआप उघडे पडेल. तो आवारातच झाला असे बऱ्याच वेळा दिसेल, आणि तेव्हा उत्तर आमच्या विभागास द्यावे लागेल, याची आम्हास पूर्ण कल्पना आहे. आमच्या काही सहकाऱ्यांना ही सूचना पसंत नाही. "सभासदांच्या हाती आपणच काठी का द्यावी?" असे एकाने विचारलेही. त्यावर आम्ही एवढेच म्हणालो की ऊस त्यांचा, कारखानाही त्यांचा, मग काठी आणखी कोणाची असणार? सूचना शेतकी समितीपुढे ठेवलेली आहे. समितीचा निर्णय होईपर्यंत कोणी सभासद आपण होऊन वेळा लिहू लागले तर त्यांना कोणी अडविणार नाही.

मात्र लिहिलेली वेळ खरी हवी, आणि त्यासाठी आधी घड्याळ बरोबर हवे. या घड्याळांच्या पुस्तिका इंग्रजीत, आणि अक्षर मुंगीएवढे. विकणाऱ्यांनी एक पानभर मराठी माहिती सोबत द्यावी अशी आमची अपेक्षा आहे, पण ती पुरी होईपर्यंत थांबून चालणार नाही. म्हणून येत्या गट सभांत बेणेप्रक्रियेच्या माहितीनंतर पंधरा मिनिटे घड्याळासाठी ठेवली आहेत. सभासदांनी आपले घड्याळ, असल्यास पुस्तिका, आणि घरातील शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी सोबत आणावी. बटणांच्या बाबतीत ही मुले आमच्यापेक्षा हुशार असतात असा अनुभव आहे. पेटीत 'मेलेले' घड्याळ असेल तर तेही फेकू नका, घेऊन या. नाना आपले घड्याळ घालून येणार आहेत. हल्ली ते सदऱ्याची डावी बाही कोपरापर्यंत वर करून हिंडतात, आणि कोणी कारण विचारले तर सांगतात, "घड्यायले चावी देऊ राह्यलो."